नव्या .२२ सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीतली अडकाअडकी

मॅगझिनमधून गोळी वर न चढणे आणि रिकामी पुंगळी आत राहणे हे वेगळे दोष आहेत, एकत्र धरू नका. आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री करा.

गोळी चढत नसेल तर दुसरे मॅगझिन लावा. दोष गेला, तर पहिले मॅगझिनच खराब.

पुंगळी बाहेर पडण्याच्या झरोक्यात उभी अडकते? बहुधा ब्लोबॅक बोल्ट (गोळीच्या दाबाने मागे ढकलला जाणारा भाग) पूर्ण मागे जात नाही. नवी स्प्रिंग कडक असते, त्यामुळे १,०७० फूट प्रतिसेकंदाच्या गोळ्या कमी पडतात. ४० ग्रेन वजनाच्या, १,२०० च्या पुढच्या वेगाच्या वापरा.

पुंगळी चेंबरमध्येच राहत असेल तर कारखान्यातले संरक्षक तेल ब्रशने काढा. मग पुंगळीची रिम (बुडाची कड) बघा: एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने, कुरतडली असेल तर चेंबर खरखरीत, खूणच नसेल तर एक्स्ट्रॅक्टर किंवा त्याची स्प्रिंग सदोष. चेंबर घरी मुळीच घासू नका, वॉरंटीत पाठवा.