शूबर्ट समजून ऐकत होतो, निघाला भलताच कोणी

तीनसप्तक: काल रात्री भांडी घासता घासता संगीतकार शूबर्टची इम्प्रॉम्प्टू (पियानोचे छोटे तुकडे) लावलेली, ती संपल्यावर यूट्यूबने आपलं आपण पुढचं काहीतरी लावलं, मला वाटलं अजून शूबर्टच चालूय, हात पुसून बघतो तर नाव यान वाक्लाव वोर्झिशेक, ओपस (रचनेचा क्रमांक) 7. उच्चार बरोबर आहे का देव जाणे. चेक आहे एवढंच कळलं. ह्याने शूबर्टची कॉपी मारलीय का? आणि चार वर्षं पियानो शिकलेल्या माणसाला झेपेल का यातलं काही?

काळीपट्टी: कॉपी कसली, उलट आहे! ह्याची ही सहा इम्प्रॉम्प्टू 1822 ला व्हिएन्नात छापली, शूबर्टची 1827 ची. दोघं एकाच शहरात, एकमेकांना ओळखणारे. हा मूळचा वाम्बेर्क गावचा, प्रागला तोमाशेक नावाच्या संगीतकाराकडे शिकला, आणि तोमाशेक 1807 पासूनच असले छोटे तुकडे लिहायचा, त्यांना एकलॉग म्हणायचा. म्हणजे घराणंच तिकडचं म्हणा ना. बिचारा कायदा शिकला, सरकारी नोकरी केली, मग दरबारी ऑर्गनिस्ट झाला आणि 1825 ला क्षयाने गेला. 34 वर्षं फक्त.

मेट्रोनोमग्रस्त: झेपण्याचं म्हणाल तर, सहाही तुकडे ओळीने सी, जी, डी, ए, ई, बी मेजर स्केलमध्ये आहेत, दर वेळी एक शार्प (तीव्र स्वर) वाढतो. पण सी मेजर, म्हणजे एकही शार्प नाही, म्हणून पहिला सोपा असं समजून बसू नका, मी बसलो होतो 😅 तेव्हाच्या व्हिएन्नाच्या पियानोच्या पट्ट्या एकदम हलक्या, आवाजही कोरडा, त्यामुळे आपल्या पियानोवर स्वर लांबवणारं पेडल दाबून ठेवलं की डाव्या हाताचा नुसता चिखल होतो. आधी बिनपेडलचं वाजवून बघा.

खर्जातला: मला नाही बुवा एवढं भारी वाटत. मधला भाग झाला की पहिला जसाच्या तसा परत. शूबर्ट एक स्वर हलवतो आणि जीव काढतो, ते इथे नाही. त्यापेक्षा ह्याचा बी फ्लॅट मायनर सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) ऐका, ओपस 20, तिथे खरा माणूस दिसतो. आणि ओपस 1 च्या बारा रॅप्सडी (पियानोचे मोकळ्या बांधणीचे तुकडे), त्या तर इम्प्रॉम्प्टूच्याही आधीच्या.

तीनसप्तक: सोनाटा ऐकला, खर्जातले म्हणतात ते पटलं. तरी पहिल्या इम्प्रॉम्प्टूचं प्रिंट काढलंय, रात्री बसतो. बाय द वे, चेक डिक्शनरीत वोर्झिशेक म्हणजे गावठी कुत्रं निघालं 😂