नऊ महिन्यांची नाणेखरेदी: नहपानाच्या नाण्याबद्दल शंका आहे, जाणकारांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. प्राचीन आणि मध्ययुगीन नाणी जमवायला लागून तीन वर्षं झाली. यंदा जानेवारीत ठरवलं होतं की वर्षाला ३०,००० रुपयांच्या वर जायचं नाही आणि प्रत्येक नाण्याची वहीत नोंद ठेवायची. काल ती वही उघडून बसलो. आजवर २१,००० खर्च झालेत, ९,००० शिल्लक आहेत. एका नाण्याने झोप उडवली आहे आणि एका नाण्यावरचा आकडा लागत नाही. म्हणून हा धागा.

आधी काय काय घेतलं ते सांगतो.

दोन आहत नाणी (चांदीच्या तुकड्यावर ठसे मारून केलेली प्राचीन नाणी), १,२०० ला. दोन्हींवर पाच-पाच ठसे, वजन ३.३ ग्रॅमच्या आसपास. सूर्य आणि सहा आऱ्यांचं चक्र ओळखता आलं, बाकीचे तीन ठसे अर्धेमुर्धेच आहेत. गधैया पाच, १,००० ला. इराणच्या ससानी राजाचा चेहरा नक्कल करता करता नुसत्या रेघा आणि टिंबं कसा होऊन गेला, ते पाचही नाणी ओळीने मांडली की दिसतं. बहमनी फिरोजशाहचा चांदीचा टंका ३,८०० ला, ११ ग्रॅमचा, छान टपोरा. पण खरं सांगायचं तर मला फारसी लिपी येत नाही, त्यामुळे तो हातात घेऊन बघतो आणि परत ठेवतो. चौदा शिवराया २,००० ला. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. बऱ्याचशा नंतरच्या काळातल्या आहेत हे कळतं, कारण शिवराई महाराजांच्या नंतरही खूप वर्षं पाडली जात होती. तरी अक्षरांच्या तऱ्हा बघण्यात वेळ कसा जातो कळत नाही.

निजामशाही आणि बहमनी तांब्याची बारा नाणी १,५०० ला एकगठ्ठा घेतली. त्यातली चार मी चिंचेच्या कोळात घालून घासली. हे माझ्या हातून झालेलं सर्वात वाईट काम. हिरवट-काळी झिलई गेली आणि खालून गुलाबी, खरवडल्यासारखं तांबं उघडं पडलं. चारशे वर्षं टिकलेला थर दहा मिनिटांत गेला. नवीन मंडळींनी कृपा करून असं करू नये.

आता ज्या तीन नाण्यांसाठी मी खरोखर जीव टाकतो ती.

पहिलं, कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाचं चांदीचं नाणं, ३,२०० रुपये, वजन साधारण २ ग्रॅम. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बसलेला नंदी आणि भोवती ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्री कृष्णराज’ असा लेख. माझ्या नाण्यावर त्यातलं ‘पितृपाद’ आणि ‘श्री कृ’ एवढंच आलं आहे. हा राजा सहाव्या शतकातला. पण आपल्या अंजनेरीला सापडलेल्या भोगशक्ती राजाच्या ताम्रपटात, म्हणजे आठव्या शतकाच्या सुरुवातीला, ‘कृष्णराज रूपक’ असा उल्लेख येतो. राजा जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी लोक त्याच्याच नावाच्या रुपयात हिशेब करत होते! हे वाचल्यापासून त्या नाण्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

दुसरं, पश्चिमी क्षत्रप (पश्चिम भारतातलं शक राजघराणं) रुद्रसेनाचा द्रम्म, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, १,८०० रुपये. रुद्रसेन नावाचे एकाहून जास्त राजे झाले, त्यामुळे बापाचं नाव वाचल्याशिवाय कोणता रुद्रसेन ते कळत नाही. मार्चमधल्या एका रात्री टेबललॅम्पखाली नाणं फिरवत बसलो होतो. ब्राह्मीचा तक्ता समोर, हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग. आधी ‘पुत्रस’ लागलं, मग त्याच्या मागचं ‘दाम’, आणि अगदी काठाला चिकटलेलं ‘वीर’. वीरदामपुत्र म्हणजे दुसरा रुद्रसेन! रात्री पावणेबाराला मी बायकोला उठवून दाखवलं. या क्षत्रपांनी डोक्याच्या मागे वर्षही घातलं आहे, तेही शकात. आपल्या भिंतीवरच्या पंचांगात आजही जो शक चालतो तोच. त्यात ७८ मिळवले की इसवी सन आला. माझ्या नाण्यावर १०० चं चिन्ह स्पष्ट आहे, शेवटी दोन आडव्या रेघा म्हणजे २. मधलं चिन्ह मात्र ८० की ९० ते ठरत नाही. वर्तुळ दिसतं, पण आत नुसती रेघ आहे की फुली? १८२ की १९२? दोन्ही वर्षं त्याच्याच कारकिर्दीत बसतात.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. क्षहरात वंशातला क्षत्रप राजा नहपान याचं चांदीचं नाणं, त्यावर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, पुन्हा ठसा मारलेलं. ६,५०० रुपये. यंदाची सर्वात मोठी खरेदी.

नाशिककराला हे नाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. १९०६ मध्ये जोगलटेंभीला १३,००० हून जास्त नाण्यांचा साठा निघाला आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा ठसा होता. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याने तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं) उमटवलं. मी लहानपणापासून पांडवलेण्यांवर जातो. दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे: ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, २,००० शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. आणि तीन नंबरमध्ये गौतमी बलश्री आपल्या मुलाने, म्हणजे सातकर्णीने, क्षहरातांचा वंश निखालस संपवला असं कोरून ठेवते. ही दोन लेणी एकाच डोंगरात आहेत, आणि त्यांतले दोन्ही राजे एका नाण्यावर, माझ्या तळहातावर! प्रदर्शनात ते बघितलं आणि घासाघीस न करता पैसे दिले.

घरी आल्यावर शंका यायला लागली. काठावर एका ठिकाणी कानस फिरवल्यासारख्या बारीक समांतर खुणा आहेत. भिंगाखाली डोंगराच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसतात. जुनी चांदी खड्ड्यांची असते हे मान्य, पण हे फारच गोल वाटतात. आणि मुख्य म्हणजे खालचा जुना चेहरा आणि वरचा नवा ठसा, दोन्ही सारखेच मऊ, बोथट दिसतात. वजन २.१२ ग्रॅम, म्हणजे त्यावरून काही पकडता येत नाही.

फोटो जोडले आहेत, दोन्ही बाजू आणि काठ. माझे प्रश्न:

नहपानाचं नाणं ओतीव, म्हणजे साच्यात ओतून केलेलं बनावट, आहे का? घरच्या घरी आणखी काय तपासता येईल? वाजवून बघू का?

रुद्रसेनाचं वर्ष कोणी लावून देईल का?

आणि उरलेल्या ९,००० चं काय करावं? परवा एक गृहस्थ ‘शेतात मडकं सापडलंय, त्यातली देतो’ म्हणून मातीसकट चार नाणी घेऊन आले होते. मी हात लावला नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ते त्यांना सांगितलं आणि चहा पाजून परत पाठवलं. तेव्हा तो मार्ग नको.

प्रतिसाद १

वाजवू नका! खणखणीत नाणं वगैरे ठीक आहे, पण दोन हजार वर्षांची चांदी आतून ठिसूळ झालेली असते. आपटलं तर तुकडा उडेल.

घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आहे ना? त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. शुद्ध चांदी १०.५ च्या आसपास येते. तुमच्या रुद्रसेनाचंही करा, म्हणजे तुलना होईल. दोऱ्याला बुडबुडा चिकटू देऊ नका.

प्रतिसाद २

दादा, रुद्रसेनाचा फोटो वरून उजेड टाकून काढला आहे, त्यामुळे सगळं सपाट दिसतंय. खोलीत अंधार करून बॅटरी टेबलाच्या पातळीवर आडवी धरा आणि एकदा डावीकडून, एकदा वरच्या बाजूने असे दोन फोटो टाका. एका दिशेच्या उजेडात त्याच दिशेची रेघ बुडून जाते, म्हणून दोन लागतात.

नहपानाबद्दल: हाताने पाडलेली दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात. इथे तर एकावर एक असे दोनदा ठसे आहेत. जुना चेहरा कुठे उरला आणि नवा डोंगर कुठे बसला, हे दोन नाण्यांवर हुबेहूब जुळणं शक्यच नाही. जुळलं तर दोन्ही एकाच साच्यातली. त्या विक्रेत्याकडे अशी आणखी होती का?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार.

घनता तीनदा काढली. रुद्रसेन: वजन २.१४, पाण्यातला आकडा ०.२१, म्हणजे १०.२. नहपान: २.१२ आणि तिन्ही वेळा ०.२४. म्हणजे ८.८. काट्याची चूक एका शतांशाची धरली तरी ९.२ च्या वर जात नाही. हे तांब्याच्या जवळ जातं.

आणि ताई, तुमचा प्रश्न वाचून फोनमधले प्रदर्शनाचे फोटो काढले. त्या दिवशी हौसेने अख्ख्या ट्रेचा फोटो घेतला होता. त्यात माझ्या नाण्याच्या दोन ओळी खाली आणखी एक आहे. मोठं करून बघितलं. डोंगराच्या डाव्या कमानीखाली जुन्या चेहऱ्याचं नाक आणि वरच्या ओठाचा तुकडा उरला आहे, आणि माझ्या नाण्यावरही तेवढाच तुकडा, त्याच जागी. काठाची डावीकडची चीरसुद्धा तशीच. दोन्ही फोटो शेजारी लावून खाली टाकले आहेत.

रुद्रसेनाचे दोन्ही फोटोही टाकले.

प्रतिसाद २

जुळे आहेत. आता शंका नको. ट्रेचा फोटो, घनतेचे आकडे आणि बिल घेऊन लवकरात लवकर विक्रेत्याकडे जा. भांडू नका, नुसतं शेजारी ठेवून दाखवा.

रुद्रसेनावर दोन्ही फोटोंत एकच रेघ आहे, फुली नाही. ८० आहे.

आणि पैशांबद्दल माझं मत विचाराल तर टंका तुम्ही वाचू शकत नाही म्हणून परत ठेवता, असं तुम्हीच लिहिलंय. जे वाचता येतं तेच घ्या. वर्ष दिसणारे क्षत्रप एकेक करून जमवा, नऊ हजारांत चार तरी होतील. नहपान मिळेल, घाई करू नका. अंजनेरीच्या नाणेसंस्थेत जाऊन खरी नाणी बघून या. तुम्हाला तर ती हाकेच्या अंतरावर.

धागाकर्ता

पटलं. बिलावर नाण्याचं वर्णन ‘चांदी’ असंच लिहिलेलं आहे, त्याचा उपयोग होईल असं वाटतं. शनिवारी जातो आहे. पैसे परत मिळोत न मिळोत, काय झालं ते इथेच लिहीन, आणि ते नाणं मी पुढे कोणाला विकणार नाही.

रुद्रसेनाच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवलं: शके १८२, इ. स. २६०.