देखाव्यासाठी निलगिरीची प्रतिकृती: 'स्टेल्थ' दिसणार कसं?

नौपाडाकर
यंदा ठाण्यात मंडळाच्या देखाव्यासाठी नौदलाची स्टेल्थ (रडारला कमी दिसेल अशा रचनेची) युद्धनौका आयएनएस निलगिरी करतोय. मूळ जहाज १४९ मीटर, म्हणून १:२५ प्रमाणात साधारण ६ मीटर लांब, ७१ सेंमी रुंद. लाकडी सांगाडा, वर ४ मिमी प्लाय. मापं बरोबर आहेत, पण रूप अजून साध्या बोटीचंच वाटतंय. स्टेल्थ म्हणून नेमकं काय दिसायला हवं? फलकावर 'रडारला न दिसणारी युद्धनौका' लिहिणार आहोत, चिमणीतून धूरही सोडायचाय.

ऐरोली_सेक्टर_८
धूर आधी रद्द करा. निलगिरीवर दोन एलएम-२५०० गॅस टर्बाइन आणि दोन डिझेल इंजिनं आहेत. वेग हवा तेव्हा टर्बाइन, एरवी डिझेल. टर्बाइनचा एक्झॉस्ट ५०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. उष्णतेमागे लागणारं क्षेपणास्त्र तोच हेरतं, म्हणून अशा जहाजांत त्यात गार हवा मिसळून मगच तो बाहेर सोडतात.

आता भिंती. उभी भिंत आणि समुद्राचा पृष्ठभाग मिळून काटकोन होतो आणि रडारची लहर आली तशी माघारी जाते. हे टाळायला हल (जहाजाचं खालचं धड) डेकपर्यंत बाहेर झुकवतात आणि वरचा इमला आत. दोन्ही जिथे मिळतात ती धार नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागपर्यंत सलग ठेवा. ला फायेत या फ्रेंच स्टेल्थ युद्धनौकेच्या इमल्याला १० अंशांचा उतार आहे, तोच धरा: दर १० सेंमी उंचीला पावणेदोन सेंमी आत. बाजूच्या सगळ्या भिंती एकाच कोनात हव्यात. प्रत्येक वेगळा कोन म्हणजे आणखी एका दिशेला झळाळी. (जहाज १० अंश डोललं की एक बाजू उभी होतेच, तो भाग वेगळा.)

जुना_फिटर
कोनांपेक्षा जास्त घात सुट्या सामानाने होतो. एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन त्रिकोणी पत्रे, कोपऱ्यापासून कडा ३० सेंमी: एवढासा तुकडा ३ सेंमी तरंगलांबीच्या रडारला सुमारे ३८ चौरस मीटरचा दिसतो. छोट्या बोटी असाच परावर्तक मुद्दाम डोलकाठीला टांगतात, मोठ्या जहाजाने आपल्याला पाहावं म्हणून. युद्धनौकेवर शिडी, बोलार्ड (दोर बांधायचे खुंट), नांगराचं यंत्र उघड्यावर राहिलं की तसेच कोपरे फुकटात तयार होतात. तेव्हा हे सगळं आत घ्या. छोट्या बोटी बाजूच्या शटरमागे आणि शटर बंद. मास्ट (डोलकाठीचा मनोरा) जाळीदार सांगाड्याचा नको, बंद पेटीसारखा करा. रडारचे चार सपाट चेहरे त्याच्यावरच बसतात. तोफेचं आवरणही तिरक्या पत्र्यांचं, गोल घुमट नाही.

नौपाडाकर
मग क्षेपणास्त्रं दिसणारच नाहीत? लोक तर तीच बघायला येतात!

ऐरोली_सेक्टर_८
८ ब्राह्मोस, ३२ बराक-८ (विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारी), सगळी डेकखालच्या उभ्या नळ्यांत. वर फक्त झाकणं. आधीच्या शिवालिक वर्गात पुढच्या डेकवर श्टिल क्षेपणास्त्राचा एकहाती लाँचर उघडा उभा असायचा, इथे तोही गेला. गर्दीसाठी एक झाकण उघडं ठेवून साधारण ३४ सेंमीचं ब्राह्मोस वर सरकवा.

कळवा_नाका
हलही आतच झुकवला तर? अमेरिकेच्या झुमवाल्ट विनाशिकेसारखा.

जुना_फिटर
मग ती निलगिरी राहणार नाही. बाहेर झुकलेला हल कलला की पाण्याला टेकणारं क्षेत्र वाढतं आणि जहाज सावरतं. आत झुकलेल्यात ते घटतं, म्हणून मागून लाटा आल्या की चिंता जास्त. झुमवाल्ट ३२ बांधायच्या होत्या, झाल्या ३. पण त्याचं मुख्य कारण खर्च.

आणि फलकावर 'न दिसणारी' लिहू नका. रडारचा पल्ला परत येणाऱ्या ऊर्जेच्या चौथ्या मुळाने बदलतो: परावर्तन १६ पट घटवलं तरी पल्ला फक्त निम्मा होतो. फायदा असा की शत्रूला जवळ यावं लागतं, आणि चाफचा (रडारला फसवायला हवेत उडवलेल्या धातूच्या बारीक तुकड्यांचा) ढग जहाजापेक्षा मोठा दिसून क्षेपणास्त्र फसू शकतं. स्वतःचं रडार चालू केलं की मात्र ठावठिकाणा आपणच सांगितला. 'रडारवर छोटी दिसणारी' लिहा.

रंग मॅट राखाडी. चकचकीत ऑइलपेंटवर हॅलोजन पडला की प्लायचा प्रत्येक सांधा उठून दिसेल.

नौपाडाकर
धूर रद्द. रेलिंगसाठी आणलेली तार दुकानदार परत घेतो का बघतो.