कादंबरीतलं भाटकाराचं घर, आणि त्याचं मागलं दार

डिचोलीचा वाचक:
1961 नंतरच्या गोव्यावरच्या कथा-कादंबऱ्यांत भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, पडक्या वाड्याचं दुःख फार आहे. राजांगणात उगवलेलं गवत, लिस्बनला गेलेला मुलगा, एकटी म्हातारी. पण त्याच वाड्याच्या मागल्या दारात उभ्या मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या, घरात काय चाललं होतं, ते कोण लिहितो? माझी आजी भाटकाराकडे जायची ती मागल्या दारानं. चहा करवंटीत मिळायचा. ती करवंटीही तिथेच वळचणीला खोचून ठेवलेली असे. 1975 साली मुंडकार कायदा आला, राहतं घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. अर्ज करायचा की नाही, यावरून आजोबा आणि काका वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. ज्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, जन्म गेला त्याच्यावर अर्ज कसा घालायचा, असं आजोबांचं म्हणणं. मला ही कादंबरी हवी आहे.

मडगावहून:
साफ अमान्य. पुंडलीक नाईकांची 'अच्छेव' ही कादंबरी वाचा. खाणीपायी शेतकऱ्याचा अख्खा संसार उद्ध्वस्त होतो त्यात, आणि ती 1977 ची. दामोदर मावजोंच्या 'कार्मेलीन' कादंबरीची नायिका तर घर चालवायला कुवेतला दुसऱ्याचं घर सांभाळायला जाते. हे सगळं कोकणीत आहे. आपण मराठीपुरतं वाचायचं आणि गोव्यात लिहिलंच नाही म्हणायचं, हा अन्याय आहे.

फोंड्याची:
मी भाटकाराच्या घरातली. आमच्याकडे पुढच्या दारानं फक्त पुरुष जात. आत्या लग्नावाचून राहिली, अठरा माणसांचं रांधून शेवटी जेवायची. कोठीची किल्ली जन्मात तिच्या हाती आली नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यानं मुलींना वाटा आहे, तरी तिची सही घेऊन हक्क सोडवला. ती कुठल्या वर्गातली, सांगा दादा. वाड्याच्या कादंबऱ्यांना नुसतं रडगाणं म्हणू नका, आत्या मला तिथेच सापडली.

डिचोलीचा वाचक:
ताई, आत्याचं पटलं. वाडा म्हणजे एकच वर्ग, असं मी धरून चाललो होतो. 'कार्मेलीन'ही मान्य. तरी माझं मागणं उरतंच: कुवेतला न गेलेला, भाटातच राहिलेला, हक्क मिळूनही मान वर न करू शकलेला माणूस कुणीतरी आतून लिहावा. आमचा अर्ज शेवटी काकांनी भरला. आजोबांनी अंगठा दिला आणि त्याच संध्याकाळी दोन शहाळी घेऊन भाटकाराकडे गेले. मागल्याच दारानं.