वस्तीतल्या आईला आहार शिकवायचा म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

केतकीपान
गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आमची सहा आठवड्यांची प्लेसमेंट होती, मुंबईतल्या एका वस्तीतल्या अंगणवाडीत. काम काय, तर मातांचे गट घेऊन आहारशिक्षण. पहिल्याच दिवशी मी रंगीत तक्ता टांगला: दूध, पनीर, सफरचंद, सुकामेवा. मागे बसलेल्या एका बाईने विचारलं, "ताई, एक सफरचंद तीन पोरांत कसं वाटायचं, ते पण सांगा." ती चिडली नव्हती, मनापासून विचारत होती. मला उत्तर सुचलं नाही.

दोन दिवसांनी तिच्या घरी गेले. दहा बाय दहाची खोली, तेल छोट्या पाऊचमधलं, डाळ रोजच्या रोज वीस रुपयांची. नऊ महिन्यांच्या बाळाला ती डाळीवरचं निवळ पाणी पाजत होती. "घट्ट पचत नाही त्याला," म्हणाली. सासूनेही असंच केलं होतं. मी तिच्याच पातेल्यातली खालची घट्ट डाळ भातात कुस्करून वर चमचाभर तेल घालायला सांगितलं. बाळाने सहा घास खाल्ले. जास्तीचा खर्च म्हणाल तर त्या चमचाभर तेलाचा.

म्हणून माझं मत: प्लेसमेंट हवीच, तक्ता नको. पण आमच्या कॉलेजला फाईलमध्ये पाच पाककृती आणि फोटो हवे होते, घरभेटीला गुण नव्हते. तुम्हाला काय वाटतं?

रानवाट
असहमत. मी मेळघाटात सात वर्षं काम करतोय. आमच्याकडची कोरकू आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात. तेवढे महिने पोर ना अंगणवाडीच्या पटावर, ना तिथल्या गरम आहारावर. त्या आईला काय खायला घालावं हे ठाऊक असतं, घालायला नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं महाराष्ट्रात २०१५-१६ला ३४.४ टक्के होती, २०१९-२१ला ३५.२. मधल्या काळात पोषण अभियान आलं, दर सप्टेंबरला पोषण माह, रॅल्या, रांगोळ्या. सांगणं वाढलं, पोरांची उंची वाढली नाही. मला पटलेली योजना अमृत आहार. २०१५पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा बाईला एक वेळचं शिजवलेलं जेवण मिळतं. ताटात अन्न पडतं. विद्यार्थ्यांना पाठवायचंच तर रेशनकार्डात कुणाचं नाव चढलेलं नाही, कुणाचं धान्य अडलंय, हे बघायला पाठवा.

जुनी मुख्यसेविका
दोघांचंही ऐकलं. मी अंगणवाड्यांवर देखरेख करायचे, आता निवृत्त आहे म्हणून स्पष्ट बोलते. कॉलेजच्या मुली आल्या की अंगणवाडी सेविकेचं काम वाढतं. मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरा, रजिस्टरं भरा, त्यात यांच्या कार्यक्रमाला बायका गोळा करा. बायका रोजंदारी बुडवून येतात आणि फोटो निघाला की मुली जातात.

पण मुलींचे हात कामाचे असतात. दोन वर्षांखालच्या बाळाची उंची आडवं झोपवून मोजायची असते. डोकं एकीने धरायचं, पाय दुसरीने सरळ करायचे. एकट्या सेविकेला ते नीट जमत नाही, मग अंदाजे आकडा पडतो. दंडाचा घेर मोजायच्या रंगीत पट्टीवर ११.५ सेंटीमीटरच्या खाली आलं की मूल तीव्र कुपोषित. पट्टी जरा सैल धरली तर तेच मूल पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषितात जातं आणि त्याचे उपचार राहून जातात. मुलींना आधी हे शिकवा.

तीन_दगडांची_चूल
वस्तीतल्या पोरांच्या चिप्सवर सगळे बोलतात, पण चिप्स आमच्या सोसायटीतली पोरंही खातात. तिथे कुणी तक्ता घेऊन जात नाही. गरीब आईलाच का कायम शिकवायचं?

केतकीपान
@तीन_दगडांची_चूल, हे लागलं, आणि बरोबर आहे. त्याच २०१९-२१च्या पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशात जेमतेम ११.३ टक्के निघाली. एवढी वाईट अवस्था फक्त गरिबांच्या घरातली असूच शकत नाही.

@रानवाट, उंचीच्या आकड्यामागे मुलीचं लग्नाचं वय, जन्माचं वजन, पिण्याचं पाणी, वारंवारची हगवण, सगळंच येतं. त्यावरून शिकवणं वाया गेलं असं कसं म्हणता? जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह कमी अंगी लागतं, पालेभाजीवर लिंबू पिळलं तर जास्त लागतं. हे त्या बाईला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ती गरीब आहे म्हणून तिला माहिती द्यायची नाही, हाही अन्यायच.

रानवाट
माहिती द्या, माझी ना नाही. पण सहा आठवड्यांनी तुम्ही निघून जाता. ते बाळ वर्षाचं होईल, आजारी पडेल, खाणं सोडेल, तेव्हा ती कुणाला विचारणार? सेविकेलाच. मग जे शिकवायचं ते सेविकेसोबत जाऊन शिकवा, तिच्या मागे नको. आणि रेशनकार्डाचं मी सोडणार नाही.

केतकीपान
हे मान्य. आमच्या मॅडमशी आज बोलले. पुढच्या बॅचला पहिले दोन आठवडे भाषण नाही, फक्त सेविकेबरोबर वजन-उंची आणि घरभेटी. घरभेटीच्या कागदावर "रेशनकार्डावर किती नावं, घरात माणसं किती" हा रकाना टाकतेय. मॅडम म्हणाल्या, नमुना दाखव, मग गुणांचं बघू. मुख्यसेविका ताई, तुमच्या वेळचा घरभेटीचा तक्ता आठवत असेल तर इथेच लिहाल का? शुक्रवारी द्यायचाय.