रिअ‍ॅक्टिव्ह डायचा लाल रंग पाण्यातून जातच नाही, काय करू?

प्रश्न: इचलकरंजीत आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे, रिअ‍ॅक्टिव्ह डायने (धाग्याशी रासायनिक जोड धरणारा रंग) कॉटन रंगवतो. सांडपाण्यात तुरटी-चुना टाकला की गाळ बसतो पण वरचं पाणी लालच, बाटलीत धरलं तर कोकम सरबत वाटावं असं. रंग शोषायला ग्राफीन ऑक्साइड (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) वापरू का?

उत्तर: नको. रिअ‍ॅक्टिव्ह डायवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि ग्राफीन ऑक्साइडवरही निगेटिव्हच, मग रंग त्याला चिकटणार कसा? रिसर्च पेपरात आकडे भारी दिसतात ते बहुतेक मिथिलीन ब्लू या रंगाचे, त्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो. रंग शोषायला कायटोसान बघा, कोळंबीच्या टरफलापासून बनतं, पण पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ४-५ ला आणावा लागेल आणि क्रॉसलिंक केलेले (आतल्या साखळ्या एकमेकींना जोडून पक्के केलेले) मणीच घ्या, नाहीतर आम्लात विरघळेल.

दुसरं उत्तर: दादा, डाईबाथमधलं (रंगवायच्या पाण्यातलं) मीठ पण रंग शोषण्याच्या आड येतं, म्हणून ट्रायल स्वतःच्या टाकीतल्या पाण्यावरच घ्या. आणि रंग शोषलेले मणी कुठं जाणार ते आधी ठरवा, पंचगंगेत अजिबात नको.