डनवेगनचं गळकं छप्पर: वाडवडिलांचं घर मालकाचं की भावकीचं?

वाटसरू (धागाकर्ता)

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर समुद्राला लागून एका खडकावर डनवेगन हा किल्ला उभा आहे. मॅक्लाउड क्लॅनच्या (क्लॅन म्हणजे एका आडनावाची, एका प्रमुखाला मानणारी मोठी भावकी) प्रमुखाचं हे ठाणं. परंपरा सांगते की तेराव्या शतकातला लिओड हा मूळ पुरुष. त्याच्या वंशाच्या दोन शाखा झाल्या: टॉर्मॉडवाल्यांकडे हॅरिस आणि डनवेगन, टॉर्किलवाल्यांकडे लुईस (हॅरिस आणि लुईस हे पश्चिमेकडचे बेटांवरचे मुलूख). एकच घराणं जवळपास ८०० वर्षं त्याच किल्ल्यात राहतंय.

२००० साली २९वे प्रमुख जॉन मॅक्लाउड यांनी स्कायचा अख्खा काळा कूलिन डोंगर विक्रीला काढला. अपेक्षित किंमत १ कोटी पौंड, कारण किल्ल्याचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. देशभर बोंबाबोंब झाली. "डोंगर काय कोणाच्या बापाचा असतो का?" हा सगळ्यांचा सूर.

माझं मत: त्यांनी केलं ते बरोबर होतं. या क्लॅनची बाकीची घरं बघा. लुईसवाल्यांचा स्टोर्नोवेचा किल्ला १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने उडवून दिला. असिंट शाखेचा आर्डव्रेक किल्ला म्हणजे तळ्याकाठी दोन-तीन भिंती. रासे बेटाच्या शाखेने १८४३ मध्ये बेट विकलं आणि मालक ऑस्ट्रेलियाला निघून गेला. डनवेगन टिकला तो घरच्यांनी धरून ठेवला म्हणून. घर वाचवायला शेत विकलं तर त्यात गुन्हा कसला?

रोखठोक

शेत विकणं वेगळं आणि डोंगर विकणं वेगळं. मालकीचा आधार काय, तर १६११ ची राजाची सनद. तिच्यात कूलिन येतो की नाही यावरच वाद होता. क्राउन इस्टेटने (राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणारी संस्था) कागद तपासले आणि आपण आव्हान देणार नाही एवढंच सांगितलं. म्हणजे कोर्टात कस लागलाच नाही.

आणि "घरच्यांनी धरून ठेवला" म्हणताना घरच्यांत कोण कोण धरताय? १७३९ मध्ये २२वे प्रमुख नॉर्मन मॅक्लाउड आणि स्लीटचे मॅक्डोनाल्ड यांच्या मुलखातून शंभरच्या आसपास माणसं, बायका-पोरांसकट, रातोरात उचलून 'विल्यम' नावाच्या जहाजात कोंबली. अमेरिकेत वेठीला विकायची होती. जहाज आयर्लंडमध्ये डोनाघडीला थांबलं, लोक निसटले, म्हणून बिंग फुटलं. प्रमुखांनी कानावर हात ठेवले. तीही भावकीच होती ना? किल्ल्याचं छप्पर तेवढं वारसा, आणि त्याच किल्ल्याला खंड भरणारा माणूस विकाऊ माल?

वाटसरू

१७३९ चं समर्थन कोणी करत नाहीये. पण मग १८४६ नंतरचा दुष्काळही सांगा. बटाट्याचं पीक कुजलं तेव्हा २५व्या प्रमुखाने हजारो लोकांना धान्य पुरवलं, स्वतः बुडाला आणि लंडनला जाऊन सरकारी नोकरी धरली. किल्ला सोडून प्रमुखाने कारकुनी करावी, हे काय शोषकाचं लक्षण आहे?

रोखठोक

एक चांगला निघाला, मान्य. पण कायदा चांगल्या माणसाच्या भरवशावर करत नाहीत. दुष्काळ सरल्यावर भाडेकऱ्यांना संरक्षण मिळालं ते कोणाच्या दयेने नाही. डनवेगनजवळच्या ग्लेनडेलमध्ये १८८२-८३ ला लोक उठले, सरकारला गनबोट पाठवावी लागली, चौकशीला नेपियर आयोग बसला, तेव्हा कुठे १८८६ चा क्रॉफ्टर (छोटी कुळं) कायदा आला.

चहाबिस्कुट

छप्पर गळतंय म्हणून डोंगर विकायचा! आमच्या सोसायटीत टाकी गळते, आता समोरची टेकडी विकायला काढतो.

गलबत

इथे एक दुवा कोणालाच दिसला नाही याचं नवल वाटतं, तोही थेट विजयदुर्गातून जाणारा.

२२वे प्रमुख वारल्यावर नातू नॉर्मन २३वा प्रमुख झाला. १७७३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन आणि त्याचा चरित्रकार बॉस्वेल डनवेगनला उतरले होते ते याच तरुणाकडे. त्याच्या आईला त्या खडकावर राहणं नकोसं झालं होतं. ना धड बाग, ना सोय. पाच-सहा मैलांवर नवं घर बांधू म्हणत होती. बॉस्वेल बिचारा उसळलाच: खडक सोडू नका म्हणून त्याने हुज्जत घातली! पाहुण्याला वारशाचं प्रेम फुकट असतं, घर चालवणाऱ्या बाईला नसतं. (हे वाटसरूंना उद्देशून, हलकं घ्या.) आणि तो खडक म्हणजे काय, तर १७४८ पर्यंत किल्ल्यात शिरायचं एकच दार, समुद्राच्या बाजूचं. होडीने यायचं, खडकातल्या पायऱ्या चढायच्या.

आजोबांनी कर्ज करून ठेवलेलं. नातवाने १७७९ मध्ये हॅरिस विकलं. घेणारा कोण? ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचा कप्तान अलेक्झांडर मॅक्लाउड, म्हणजे भावकीतलाच. आणि हा नातू पलटण घेऊन हिंदुस्थानात आला, केरळात पोन्नानीला टिपूशी लढला. १७८३ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून 'रेंजर' जहाजाने परत मोहिमेवर निघाला, तर घेरियाजवळ, म्हणजे आपल्या विजयदुर्गाजवळ, मराठ्यांच्या आरमाराने गाठलं. आरमारप्रमुख आनंदराव धुळप. इंग्रज-मराठ्यांचा सालबाईचा तह झालेला होता, पण बातमी पोचली नव्हती असं मराठ्यांकडून सांगितलं गेलं. मॅक्लाउड जखमी झाला. सोबतचा हंबरस्टन, जो मॅकेन्झींचा प्रमुख, तो जखमांनी घेरियातच वारला. एका लढाईत दोन हायलँड क्लॅनचे प्रमुख! धुळपांच्या मर्दुमकीचे गोडवे गाताना आपण हे कधी सांगत नाही.

मॅक्लाउड वाचला, परत गेला आणि १७९० च्या सुमारास त्याने किल्ल्यात मोठी बांधकामं काढली. आज आपण ज्याला "८०० वर्षांचं घर" म्हणतो त्याच्यात या काळाचाही बराच हात आहे. तेव्हा ते घर फक्त त्या क्लॅनच्या घामावर उभं नाही, एवढंच म्हणतो. कोणाचं, ते तुम्ही ठरवा.

कुलवृत्तांत

गलबत, जबरी प्रतिसाद. पण "एकच घराणं" या शब्दांवर अडतो. २७व्या प्रमुखाला मुलीच. १९३५ ला फ्लोरा मॅक्लाउड प्रमुख झाल्या, जन्म चक्क ११ डाउनिंग स्ट्रीटचा. त्यांनाही मुलीच, म्हणून वारसा गेला मुलीच्या मुलाकडे. हेच ते कूलिनवाले जॉन. मूळ आडनाव वोलरिज-गॉर्डन, मॅक्लाउड हे मागून लावलं. मला त्यात वावगं काहीच वाटत नाही, बाईकडून वंश चालला तर उत्तमच. पण मग रक्ताची टिमकी वाजवू नका. खाली भाडेकऱ्यांमध्येही मॅक्लाउड आडनाव लावणारे सगळे लिओडचे वंशज नव्हेत, प्रमुखाच्या मुलखात राहिलं की ते नाव लावायची रीत होती.

मजा अशी की फ्लोराबाईंनीच जगभर फिरून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतल्या मॅक्लाउडांना गोळा केलं. १९५६ पासून डनवेगनला क्लॅनचं संमेलन भरतं. पणजोबाला ज्या बेटावरून बोटीत बसावं लागलं, तिथेच पणतू टार्टन (क्लॅनचं चौकडीचं कापड) घालून प्रमुखाला मुजरा करायला येतो. हे आपुलकीचं आहे की पर्यटनाचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रोखठोक

पर्यटनाचं! आणि त्यात भूमिपुत्र कुठेच नाही. वारसा म्हणजे काय ते असिंटला बघा. तिथली जुनी मॅक्लाउड शाखा कधीच संपली, जमीन हातोहात फिरत राहिली. १९९३ मध्ये तिथल्या क्रॉफ्टरांनी वर्गणी काढून नॉर्थ लॉकइन्व्हर इस्टेट विकत घेतली, ३ लाख पौंडांना. २००३ मध्ये कायद्यानेच गावांना जमीन खरेदीचा हक्क आला. माणसं राहिली तर घर राहतं.

वाटसरू

असिंटला जमीन मिळाली, फार छान. आर्डव्रेकवर छप्पर आलं का? स्टोर्नोवेचं उदाहरण घ्या. जेम्स मॅथेसनने १८४४ मध्ये लुईस विकत घेऊन तिथे लूज कॅसल बांधला. हा मॅथेसन चीनला अफू विकून गब्बर झालेला, मुंबईच्या जमशेटजी जिजीभॉयांचा व्यापारातला जोडीदार. पुढे १९२३ मध्ये नंतरचा मालक, साबणवाला लिव्हरह्यूम याने तो वाडा आणि स्टोर्नोवेचा भाग लोकांच्या ट्रस्टला देऊन टाकला. लोकांच्या हातात आलेला तो वाडा शेवटी कित्येक वर्षं ओस पडला होता. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही.

रोखठोक

ओस पडला, आणि मग सार्वजनिक पैशातून दुरुस्त होऊन संग्रहालयही झालं. अर्धीच गोष्ट का सांगता?

जास्वंद

वाचनमात्र होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही सगळे किल्ल्यांवर भांडताय, हॅरिसच्या रोडेल गावातलं सेंट क्लेमंट चर्च कोणी घेतच नाही. ८वा प्रमुख अलास्डेर क्रोटाख याने स्वतःची कबर जिवंतपणीच १५२८ मध्ये कोरून घेतली. काळसर दगडात चिलखतातला तो आडवा, आणि मागच्या कमानीखाली शिडाचं गलबत, किल्ला, हरणं, शिकारी कुत्री. गलबताच्या कडेची वल्ह्यांची भोकंसुद्धा मोजता येतात. हॅरिस विकलं गेलं, प्रमुखाचा तिथे संबंध उरला नाही, चर्चचं छप्पर पडलं, ते नंतर त्याच कंपनीवाल्या कप्तानाने दुरुस्त केलं. आज ते सरकारी संरक्षणाखाली आहे, दार उघडं असतं. प्रमुखही नाही, भावकीही नाही, तरी वास्तू नीट आहे की.

वाटसरू

कबरीला हीटिंग लागत नाही हो ताई. डनवेगनला कोणीतरी राहतं, १९३८ मध्ये आग लागली तेव्हाही घरात माणसं होती म्हणून क्लॅनचा तो प्रसिद्ध जुना रेशमी 'परीचा झेंडा' बाहेर काढता आला.

कुलवृत्तांत

शेवट काय झाला तेही नोंदवून ठेवतो, कारण मूळ धाग्यात ते राहिलंय. कूलिन विकलाच गेला नाही. जॉननी नंतर उलट प्रस्ताव ठेवला: डोंगर ट्रस्टला देतो, तुम्ही किल्ला दुरुस्त करा. लॉटरी फंडाचं अनुदान मिळालं नाही. २००७ मध्ये ते वारले. मुलगा ह्यू प्रमुख झाला आणि टप्प्याटप्प्याने दुरुस्तीची कामं झाली. किल्ला पर्यटकांना तिकीट लावून खुला आहे, तो तर १९३३ पासूनच.

रोखठोक

म्हणजे डोंगर न विकताही काम झालं. वाटसरू, मूळ मुद्दा निकालात निघाला ना?

वाटसरू

निकालात कसला? झालं ते मालकानेच केलं. तुमच्या समितीने नाही.